खालचा पाव भाग

माझ्या बापाचं डोकं जिनं कापलं, तिनंच दिलेल्या टीव्हीसमोर बसून मी रोज जेवते. हे वाक्य मनात इतके दिवस घोळतंय की लिहिताना हात थांबला नाही. खरं डोकं नव्हे, चित्रातलं. पण माझ्याकडे त्याचं हलतंबोलतं असं तेवढंच उरलं होतं, त्यामुळे मला फार फरक वाटला नाही.

ती म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. डोंबिवलीला असते. मी बीडकडची. सातवीनंतर पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी धाकटी भावंडं होती, म्हणून माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. त्या सुमाराला रत्नागिरीकडच्या मुलांना मुली मिळेनाशा झाल्या होत्या आणि इकडची माणसं घाट चढून आमच्या गावांत यायला लागली होती. आमच्या दारात आली ती नणंदच. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पाण्याची बाटली. म्हणाली, "आम्हाला काही नको. मुलगी द्या. लग्न आमच्या दारात, सगळं आम्ही करू." माझा बाप, आम्ही त्याला आबा म्हणायचो, तिच्या पायाच पडायला निघाला होता.

तिचे उपकार मोजत बसले तर हे लिहून व्हायचं नाही. पोरीच्या वेळी मी अडले तेव्हा रत्नागिरीच्या दवाखान्यात तीच धावली. मिक्सर तिचा, कपाट तिचं, पोरीचा पहिला चष्मा तिचा. मी तर मुळातच भित्री. फोन वाजला की आधी वाटतं माझंच काहीतरी चुकलं. अशा बाईला एखाद्याचा राग आला तर ती काय करते? गप्प बसते आणि रागाला खायला घालत राहते. मी तेच केलं.

लग्न झालं हातखंब्याजवळच्या हॉलमध्ये. आबा आणि गावची चार माणसं रात्रभर एसटीत बसून आली होती. इकडचं त्यांना काही माहीत नव्हतं, भात सोडून दुसरं काही वाढतील की नाही याचीच त्यांना काळजी. आमच्याकडची रीत वेगळी, कोकणातली वेगळी, एवढं आबांच्या डोक्यात पक्कं होतं. मला म्हणाले होते, "माय, ते म्हणतील तसं करायचं. आपण इचारत बसायचं नाही."

पाय धुवायची वेळ आली. नवरा पाटावर, पाय परातीत, आबा समोर उकिडवे बसून पाणी घालत होते. त्यांनी नवऱ्याचे पाय पुसले आणि ते उठणार, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नणदेने साडी वर घेतली आणि आपला पाय परातीत ठेवला. "करवलीचा मान राहिला की हो!" असं म्हणून मैत्रिणींकडे बघून हसली. आबांना वाटलं, इकडे असेल तशी रीत. ते परत खाली बसले. आधी उजवा, मग डावा. परातीजवळचा पंचा नवऱ्याला वापरून ओला झाला होता, म्हणून स्वतःच्या खांद्यावरच्या उपरण्याने तिचे पाय पुसले. बायका हसल्या. सगळे हसतात म्हणून आबाही हसले. मी मुंडावळ्यांतून बघत होते आणि मला एवढंच कळत होतं की हसणं बरोबर नाही.

तशी रीत कुठेच नाही, हे मला दोन महिन्यांनी कळलं. आबांना मी कधी सांगितलं नाही. दोन वर्षांत ते गेले.

लग्नाच्या सीडीत हे सगळं होतं. आमच्याकडे तेव्हा डबा टीव्ही होता, मागे कुबड असलेला. सीडी त्यावर बरोबर बसायची, कारण शूटिंगही त्याच आकारात घेतलेलं. मी पाय धुण्याचा भाग लावायचे, पण नणदेचा पाय यायच्या आधी थांबवायचे. आबा पाणी घालतात, वर बघतात, कोणीतरी कॅमेऱ्यामागून हाक मारलेली असते म्हणून ओशाळं हसतात. त्यांचा चेहरा तेवढाच दिसतो. बाकी शूटिंगभर ते कुठे दाराशी, कुठे पिशव्यांपाशी, कायम जमिनीवर बसलेले. उंचावर बसण्याची त्यांना सवयच नव्हती.

मग डबा टीव्ही बिघडला, आणि त्या गणपतीला नणंद गाडीच्या मागच्या सीटवर आडवा घालून मोठा, पसरट टीव्ही घेऊन आली. भिंतीवर लागला. सगळी वाडी बघायला जमली. पहिल्यांदा काय लावायचं? लग्नाची सीडी लावा.

लावली तर सगळी माणसं रुंद. नवरा बैलासारखा, भटजी पिंपासारखे, आणि नणंद तर खुर्चीत मावेना.

"ए, मी एवढी जाडी होते का?" नणंद ओरडली. "बंद कर. काहीतरी बिघडलंय."

बिघडलं काही नव्हतं. जुनं चित्र चार भाग रुंद असेल तर तीन भाग उंच. नवा टीव्ही सोळा रुंद आणि नऊच उंच. लहान चादर मोठ्या पलंगावर ओढून बसवावी तसं टीव्हीने ते चित्र दोन्हीकडे ताणलं होतं. माझ्या नवऱ्याने रिमोटची बटणं दाबून दाबून ते मूळ आकारावर आणलं. माणसं माणसांसारखी झाली, पण चित्र मधोमध आणि डाव्या-उजव्या बाजूंना काळ्या पट्ट्या.

आता सासूबाईंनी तोंड उघडलं. "अगो बाय, शुभ कार्याच्या दोन्ही अंगांना काळं कशाला गो? बघवत नाय. पुस ते."

"आई, ते पुसायचं नसतं, जागा रिकामी आहे ती," नवरा म्हणाला.

"रिकामी असली तरी काळीच ना?"

नणंदेलाही ते पटलं. लग्नाला काळं लागता कामा नये. नवऱ्याने मग झूम लावलं. चित्र मोठं होऊन कडेपासून कडेपर्यंत भरलं, काळं गेलं. पण मोठं झालेलं चित्र टीव्हीत मावत नाही, वरचं आणि खालचं बाहेर राहतं. नवऱ्याचा फेटा अर्धा गेला.

"फेटा कापला!" नणंद म्हणाली. "थांब, मी मुंबईला नेऊन नीट करून आणते. आमच्या इथे एक आहे, पेनड्राइव्हमध्ये घालून देतो. सीडी दे, कॅसेट असेल ती पण दे."

मी दिली. सीडी दिली, आणि शूटिंगवाल्याने लग्नानंतर दिलेली कॅसेटही दिली. तिचे उपकार असताना काय सांगू, देत नाही म्हणून?

शिमग्याला ती पेनड्राइव्ह घेऊन आली. टीव्हीला लावला. चित्र कडेपासून कडेपर्यंत भरलेलं, काळं कुठे नाही, माणसं रुंद नाहीत, फेटा पूर्ण. मी वाट बघत होते. पाय धुण्याचा भाग आला. नवऱ्याचा फेटा, नवऱ्याची छाती, नवऱ्याचे गुडघे. आणि अगदी खालच्या कडेला एक पांढरी टोपी, तीही अर्धी. ती पुढेमागे हलत होती. बस.

"बघ किती भरून दिसतंय!" नणंद म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुझे वडील कुठे दिसतच नाहीत गं वहिनी. आले होते ना लग्नाला?"

सगळे हसले. ही तिची नेहमीची मस्करी. घाटावरची माणसं कार्यात हरवतात, वगैरे.

मी विचारलं, "वन्सं, सीडी?"

"ती कशाला आता? कचरा परत कशाला आणू? टाकून दिली."

"आणि कॅसेट?"

"ती पण. अगं, आता सगळं यात आलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं मिळालं तेव्हा मी रिमोट घेऊन बसले. मला वाटत होतं, आबा टीव्हीच्या आतच कुठेतरी खाली आहेत, बरोबर बटण दाबलं की वर येतील. चार-तीन दाबलं. सगळी माणसं काठीसारखी उंच-बारीक झाली, टोपीही बारीक झाली, पण वर आली नाही. सोळा-नऊ दाबलं, ऑटो दाबलं, झूम दाबलं तेव्हा टोपीच गेली. प्रत्येक बटण दाबून झालं. परातीकडे बघायची युक्ती मला तेव्हा सुचली. परात गोल दिसते तोवर चित्र खरं, लांबट झाली की कोणीतरी ओढलंय. पण यात परातच नव्हती. ती खालच्या पाव भागात होती.

तेव्हा कळलं. टीव्हीने झूम केलं तर रिमोटने परत घेता येतं. इथे चित्रच कापून ठेवलेलं होतं. फेटा वाचवायचा म्हणून वरून काहीही न काढता सगळा पाव भाग खालून काढला होता. टीव्ही काय करील? त्याच्यापर्यंत जे आलं तेवढंच तो दाखवणार.

आणि त्या पाव भागात आणखी काय होतं हे नणदेला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. परातीतला तिचा पाय होता. तेव्हा तिच्या मुलीसाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. मी हे कोणाला म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून मला आबा परत हवे होते, आणि ते मिळाले तर तिच्या डोळ्यांसमोर लावायचे होते. दोन्ही सारखंच हवं होतं, त्यात मोठं कोणतं ते मला आजही सांगता येत नाही.

शूटिंगवाला हातखंबा तिठ्यावर होता. हायवे रुंद करताना तिथली दुकानं गेली. त्याचंही गेलं. मी बाजाराला गेले की विचारत राहायचे. कोणी म्हणे पाली, कोणी म्हणे संगमेश्वर. शेवटी आमच्या गावच्या मंडळाचा बॅनर छापून आला त्यावर खाली त्याच्या नव्या दुकानाचं नाव होतं, आणि दुकान हातखंब्यातच, आतल्या रस्त्याला.

एक दिवस गेले. काय सांगणार? शूटिंगवाला आता म्हातारा झालाय, बॅनर छापतो. म्हटलं, "दादा, माझ्या लग्नाचं शूटिंग तुम्ही केलेलं. कॅसेट असेल का?"

"तुम्हाला दिलेली ना?"

"हरवली."

"तुम्हाला दिलेली ती जोडून तयार केलेली. माझी मूळची वेगळी." तो हसला. "पण बाई, कोकणातला पावसाळा आणि कॅसेट. बुरशीने खाल्ल्या असतील. आणि बऱ्याच मी पुसून दुसऱ्या लग्नाला वापरल्या."

मी गेले नाही. उभीच राहिले. त्याने नाव-गाव विचारलं, हॉल कुठला ते विचारलं, आणि म्हणाला, "घाटावरची नवरी. थांबा." मला घाटावरची म्हटल्याचा पहिल्यांदाच राग आला नाही. माळ्यावरून त्याने पत्र्याचा डबा काढला. कॅसेटी एकेक उचलून डोळ्यांजवळ नेत होता. एक बाजूला ठेवली. तिच्या खिडकीतून पांढरं पांढरं दिसत होतं.

"बुरशी आहे. जुन्या कॅमेऱ्यात घालून एकदा चालवीन. मध्ये तुटली तर तुटली. मला बोल लावायचा नाही."

"तुटली तर..."

"तर गेली. चालवू का नको, तुम्ही सांगा."

मी चालवा म्हटलं. आयुष्यात एवढं मोठं काही मी कोणाला विचारल्याशिवाय ठरवलेलं नव्हतं.

कॅमेऱ्याला कॉम्प्युटर लावून त्याने कॅसेट सुरू केली. हॉलचं दार, रांगोळी, मग पडद्यावर आडव्या रेघा, मग परत चित्र. पाटावर नवरा आला, आणि खाली पूर्ण गोल परात, आणि आबा. टोपी, कपाळ, नाक, दाढीचे खुंट. वर बघून हसले. माझ्याकडेच बघितल्यासारखे. मी पदर तोंडात कोंबला.

"बाजूला काळं राहील हां," शूटिंगवाला म्हणाला. "भरून देऊ का?"

"नको," मी इतक्या मोठ्याने म्हणाले की तो दचकला. "आहे तसं द्या. काही ओढू नका, काही कापू नका."

त्याने तसंच दिलं. वर त्याच्या बायकोने मला चहा पाजला आणि हात धरून बसवून ठेवलं. त्या दोघांचं नाव मी रोज घेते.

पुढच्या गणपतीपर्यंत मी ते घरात कोणाला दाखवलं नाही. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. व्याही मंडळी गणपतीला दर्शनाला येणार, म्हणून नणंदेने चार दिवस आधी येऊन माझ्याकडून पायरीची दगडं घासून घेतली. नवरा मुलगा, त्याची आई, धाकटी बहीण, तिघं आली. माणसं चांगली होती, हे आधीच सांगते. माझा त्यांच्यावर काही राग नव्हता.

दुपारची जेवणं झाली. मोदकांनी सगळे सुस्तावलेले. नणंदच म्हणाली, "वहिनी, आमच्या भावाचं लग्न लाव ना. यांना दाखव, आमच्याकडे कार्य कसं करतात ते."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मी काही ठरवलेलं असेल-नसेल, ते तिनेच माझ्या हातात आणून दिलं. मी कपाटातून माझा पेनड्राइव्ह काढला.

"हे काय, काळं दिसतंय बाजूला," सासूबाई लगेच म्हणाल्या.

"दिसू दे आई," मी म्हणाले. मी त्यांना असं कधी बोलले नव्हते.

नणंद ताठ झाली. "मी आणलेला नाही का लावत? तो चांगला आहे."

"तो बिघडला, वन्सं." खोटं बोलले.

पाय धुण्याचा भाग आला. आबा आले. मी नेहमी जिथे थांबवायचे तिथे या वेळी थांबवलं नाही. साडी वर झाली, पाय परातीत आला. करवलीचा मान राहिला की हो. आवाजही स्वच्छ आला, मैत्रिणींच्या हसण्यासकट. आबा परत खाली बसले.

पोरीने माझा हात धरला. तिने आजोबांना कधी पूर्ण पाहिलं नव्हतं, आणि आत्ता पाहिलं ते असं.

विहीणबाईंनी अगदी सरळपणे विचारलं, "तुमच्याकडे करवलीचे पण पाय धुतात वाटतं?"

"मग माझे पण!" नवऱ्या मुलाची बहीण टाळी वाजवत म्हणाली. "मी एकटीच करवली आहे."

मी नणंदेकडे बघत होते. भावोजी, म्हणजे तिचे यजमान, कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, कंबर धरलेली, खाली वाकता येत नाही. नणंद त्यांच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना.

"गंमत होती हो ती," ती म्हणाली. "तेव्हा वय काय होतं माझं. बंद कर गं वहिनी."

"आमच्यात नाय तशी रीत," सासूबाई हळूच म्हणाल्या. आपल्या लेकीकडे बघून. "तिने मस्करी केलीन. त्या माणसाला काय ठावं. त्याने आपले धुतलेन." आणि डोळ्यांना पदर लावला. इतक्या वर्षांत त्या यावर पहिल्यांदा बोलल्या.

मी बंद केलं नाही. आबांनी उपरण्याने पाय पुसले, उजवा आधी, मग डावा. सगळं होऊ दिलं. मला त्या वेळी काय वाटत होतं ते खोटं कशाला लिहू? चांगलं वाटत होतं. तहान भागल्यासारखं.

आणि नेमका तेव्हाच तो मुलगा बोलला. मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "आई, आपल्या लग्नात हे पाय धुणं नको. मला कोणाच्या वडिलांकडून पाय धुऊन घ्यायचे नाहीत. बघवत नाही हे."

विहीणबाईंनी मान हलवली. "खरंच नको. भटजींना सांगू आपण. नुसती हळदकुंकवाची बोटं लावू." मग माझ्याकडे वळल्या. "तुमचे वडील का हे? किती साधे होते हो."

भावोजींनी सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. नणंदेचा चेहरा हळूहळू परत जागेवर आला. काही वेळाने तर ती म्हणाली सुद्धा, "हो, आम्ही पण तोच विचार करत होतो. आता काळ बदललाय."

मी उठून भांडी घासायला गेले. परात घासताना इतकी जोरात घासत होते की नवरा येऊन उभा राहिला. तो तरी काय बोलणार, पाय त्याचेही होतेच.

जाताना नणंद स्वयंपाकघरात आली. दारातच उभी राहून म्हणाली, "तेवढा भाग कापून टाक त्यातला."

"मला कापायला येत नाही, वन्सं," मी म्हणाले. "मी सातवी."

ती गेली. बरणीभर लोणचं माझ्याकडून घेऊन गेली, आणि पोरीच्या हातात नव्या ड्रेसचं कापड ठेवून गेली. मी ते कापड परत करू शकले नाही. चांगलं कापड होतं.

लग्नाला आम्ही डोंबिवलीला गेलो. मोठा हॉल, दोन कॅमेरे, भिंतीवर पडदा. मुलीच्या मामाची बायको म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं. भावोजी सूट घालून खुर्चीवर बसले होते, त्यांनी बसल्या जागेवरून जावयाच्या पायाला हळदकुंकवाचं एक बोट लावलं, तेही भटजींनी पाय उचलून वर धरला तेव्हा. पाणी नाही, परात नाही, पंचा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, किती सुधारलेली माणसं. नणंद हात जोडून सगळ्यांचं कौतुक घेत होती.

माझा बाप खाली बसला म्हणून तिचा नवरा वर बसला होता. त्या मुलाचा मला राग येत नव्हता, तो चांगलंच वागला. पण अक्षता टाकायच्या सोडून मी त्याच्या पायांकडेच बघत राहिले, कोरड्या, नव्या मोजड्यांत परत जाणाऱ्या, आणि मूठ उघडायला हवी हे मला पोरीने कोपर मारल्यावर आठवलं.